कुंपणाशी उभे युसूफभाई

घाटंजीचे युसूफभाई रोज सकाळी आपल्या संत्र्याच्या बागेत शिरत आणि मधे कुठेही न थांबता पलीकडच्या कुंपणाशी जाऊन उभे राहत. कुंपणापलीकडे गुलाबराव पाटलांची बाग होती. तिच्यातले एकेक झाड ते डोळे बारीक करून पाहत.

एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. मी एका वर्तमानपत्राचा तालुका बातमीदार होतो आणि युसूफभाईंच्या माडीवर भाड्याने राहत होतो. ते कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातल्या इंजिनांचे मिस्त्री. म्हातारपणी काम झेपणार नाही, म्हणून त्यांनी बाग लावली होती. त्यांची आणि गुलाबरावांची कलमे एकाच गाडीतून आलेली. तरी गुलाबरावांची झाडे हातभर उंच वाढली. युसूफभाईंना ते कधी पचले नाही.

"गुलाबराव, बुरा मानू नको, पण तुह्या विहिरीजवळचं झाड पिवळं पडून राह्यलं," ते कुंपणावरून सांगत.

"तुह्या नजरेनं पडत असन," गुलाबराव पाणी देता देता म्हणत. झाड मात्र तपासत. युसूफभाईंची तक्रार सहसा खरी निघे.

एका हिवाळ्यात कृषी खात्याचा माणूस आला. बाहेरच्या कलमांबरोबर एक नवी कीड आली आहे, असे त्याने बागाईतदारांना सांगितले. ती फांदीला चिकटते, कापसाच्या बोंडातून निघालेल्या पुंजक्यासारखी पांढरी दिसते आणि झाडाचा रस शोषते. वेळीच दिसली तर तेवढी झाडे तोडून जाळायची, नाहीतर बाग जाते. लक्ष कोण ठेवील, असे त्याने विचारले.

"मी ठेवतो," युसूफभाई म्हणाले. "गुलाबरावच्या बागेची तं मले पानं पाठ हायेत."

लोक हसले. त्यांनी मात्र ते काम मनावर घेतले. गुलाबरावांच्या फांद्या ते भिंगातून पाहू लागले. पांढरे काही सापडले नाही की चहाच्या वेळी त्यांचा चेहरा उतरलेला असे.

त्यांच्या स्वतःच्या बागेच्या एका अंगाने जिनाकडे जाणारा गाडरस्ता होता. कापसाच्या गाड्या जात आणि कडेच्या फांद्यांना दरवर्षी कापूस अडके. तो कोणी काढत नसे.

चैत्रात एका सकाळी गुलाबरावांनी कुंपणापलीकडून हाक दिली. "युसूफभाई, तुह्या रस्त्याकडच्या झाडाईवर काय हाये?"

"कापूस हाये. जळू नको."

"गाड्या बंद होऊन महिना झाला. कापूस वाढून काहून राह्यला मंग?"

गुलाबराव कुंपण ओलांडून आले, एक डहाळी मोडली आणि पांढरा पुंजका चिमटीत चिरडला. बोटांना तांबडा रस लागला.

"तुले कसं दिसलं?" युसूफभाईंनी विचारले.

"तू माही बाग पाह्यतं, मी तुही पाह्यतो. तुह्या झाडाले फळ जास्त धरते. मले झोप येत नाही."

त्या दिवशी युसूफभाईंनी रस्त्याकडची अख्खी ओळ स्वतः तोडली. झाडे बहरात होती. गुलाबराव लाकडे ओढत होते. आग पेटल्यावर युसूफभाई एवढेच म्हणाले, "खरंच जास्त धरते?"

"लई जास्त," गुलाबराव म्हणाले.

उरलेली बाग वाचली. गुलाबरावांच्या बागेत कीड गेलीच नाही. दुसऱ्या सकाळी युसूफभाई पुन्हा कुंपणाशी होते.

काही वर्षांनी ते गेले. दफनाला गुलाबराव आले होते, आणि परतताना आम्ही बागेवरून आलो. गुलाबराव कुंपणाशी थांबले. त्यांच्या विहिरीजवळच्या झाडाची पाने पुन्हा पिवळी पडली होती.

"हे मले आज दिसून राह्यलं," ते म्हणाले. "त्यानं आठ दिवस आधी सांगितलं असतं."