डावखुऱ्याची सर्व्हिस आणि माझी हाक

माझ्या आवडत्या टेनिसपटूला पाहायला मी तीन देशांत गेले आणि त्यांपैकी दोन देशांत तो माझ्या आधी घरी गेला.

बाळांनो, चूक माझ्याच शिस्तीची होती. तो डावखुरा, उंच आणि माझ्या मते अजिंक्य. त्यामुळे पॅरिसला मी थेट उपांत्य फेरीची तिकिटे काढली. (पहिल्या फेऱ्या पाहणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास!) आम्ही पोहोचलो तोवर तो दुसऱ्या फेरीतच हरला होता. पुढल्या वर्षी लंडनला, केशोरीच्या आपल्या शेतातली धानाची रोवणी अर्धी टाकून गेलो. तिथे तर तो पहिल्याच दिवशी आटोपला.

"काऊन वो," तुमचे आजोबा म्हणाले, "आपन येऊन राहिलो हे त्या डावऱ्याले कोन सांगते?"

तिसऱ्या वेळी धान घरात आल्यावर, जानेवारीत, मेलबर्नला निघालो. या वेळी तिकीट पहिल्या फेरीचे! त्याला एकदा तरी डोळ्यांदेखत जिंकताना पाहायचे, एवढीच माझी इच्छा होती.

धोका एकच होता: तुमचे आजोबा. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या या काठावरून पलीकडच्या गड्याला हाक मारणारा माणूस! टेनिसमध्ये सर्व्हिसच्या वेळी टाचणी पडलेली ऐकू येते. मी एका कार्डावर आठ नियम लिहिले आणि विमानात त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले.

"सर्व्हिसच्या वेळी काय करायचं?"

"चूप बसाचं."

"खोकला आला तर?"

"गिळाचा." मग कार्ड उलटून पाहत, "मास्तरीन, श्वास घेतला तं चालते का?"

सामन्याला बसताना त्यांनी दाढेखाली लवंग धरली आणि ओठ मिटले. मी निर्धास्त झाले.

डावखुरा काय खेळला! पाचव्या सेटमध्ये आणखी एकच गुण हवा होता, की सामना त्याचा. पहिली सर्व्हिस जाळीत गेली. हरकत नाही, दुसरी होती. सगळे स्टेडियम श्वास रोखून बसले. त्याने चेंडू वर फेकला.

आणि कोर्टाच्या कडेला पांढऱ्या पाखरांचा थवा उतरला.

आता हे समजून घ्या. तुमची आजी इंग्रजीची एम.ए. खरी, पण लग्नानंतर पंधरा वर्षे, धान दुधावर आले की बांधावर उभी राहून तिने पाखरे हाकलली आहेत. थवा उतरला की हात आपोआप वर जातो आणि पोटातून आवाज निघतो. विचार नंतर येतो.

"होऽऽऽ हुर्र्र! हाऽऽऽ हो!"

चेंडू जाळीत. पाखरे जागच्या जागी.

हजारो माना आमच्याकडे वळल्या. पंचांनी माइकवरून अत्यंत सभ्य शब्दांत शांततेची विनंती केली. तुमच्या आजोबांनी दाढेखालची लवंग काढून हातावर घेतली.

"नियम माह्याच एकट्यासाठी होते का वो?"

"हळू बोला!"

"आता हळू? आता तं न्यूझीलंडलेबी आयकू गेलं असन!"

पुढे प्रत्येक सर्व्हिसआधी तो बिचारा आधी आमच्या रांगेकडे पाही, मग चेंडूकडे. अर्ध्या तासात हरला. मी त्याला डोळ्यांदेखत हरताना पाहिले, तेही अगदी कारणासकट.

आमच्या मागे प्रतिस्पर्ध्याच्या देशाचे लोक बसले होते. त्यांनी मला मिठ्या मारल्या, पाठ थोपटली आणि हातात त्यांचा कागदी झेंडा दिला. खऱ्या चाहतीने तो परत करायला हवा होता. पण बाहेरच्या दाराशी डावखुऱ्याचे चाहते घोळका करून उभे होते आणि आपल्यातलीच ती पाखरे हाकलणारी बाई कोण, याची आपसांत चौकशी करत होते.

मी झेंडा उंच धरला आणि हलवत हलवत त्यांच्यामधून बाहेर पडले.