साडेतीनवाले काका

पहिली शिफ्ट तीनला सुटते. तीन वाजून पाच मिनिटांनी आमच्या कंपनीच्या गेटमधून माणसं अशी बाहेर पडतात, की मागे वाघ लागलाय असं वाटावं. त्या घोळक्यात काका कधीच नसायचे. ते साडेतीनला एकटे यायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रिकामा डबा आणि एक पुस्तक. गेटवरच्या सिक्युरिटीला हात करायचा आणि फाट्याकडे चालू लागायचं. सिक्युरिटीवाल्यांनी त्यांचं नावच 'साडेतीनवाले काका' ठेवलं होतं. नव्या माणसाला वाटायचं, काय कामसू गृहस्थ आहे, रोज अर्धा तास जादा देतो. खरं कारण मी होतो. काकांच्या जागेवर दुसऱ्या शिफ्टला मी यायचो, आणि मी तीनला कधीच यायचो नाही.

आमचं खातं म्हणजे ईटीपी. कारखान्याचं सांडपाणी जिथे टाक्यांमध्ये साफ होतं ती जागा. साहेब लोक तिथे नाकाला रुमाल लावून येतात आणि रुमाल काढायची वेळ यायच्या आत परत जातात. तासातासाला पाण्याचं रीडिंग घ्यायचं, पंप आणि ब्लोअर बघायचे, लॉगबुकात लिहायचं, एवढंच काम. पण ते थांबत नाही. म्हणून पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही असा नियम आहे. बाकीच्या खात्यांत लोक "येतोच आहे तो" असं म्हणत पाच मिनिटं आधीच सटकतात. काकांच्या बाबतीत तो नियम कंपनीचा राहिलाच नव्हता. "रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय," हे ते अशा आवाजात म्हणायचे की जणू त्यांच्या वाडीच्या ग्रामदेवतेनेच सांगून ठेवलंय.

माझं घर महाडात, बाजारपेठेच्या मागे. कंपनी मोटारसायकलवर वीस मिनिटं. पण दुपारी आमटी-भात, त्यात बोंबील असले की डोळा लागायचा, आणि जाग आली की पावणेतीन झालेले असायचे. मग वाटेत कारण शोधायचं. टायर पंक्चर, हायवेचं काम, पाहुणे. एकदा तर मी सावित्री नदीचं पाणी रस्त्यावर आलंय असं सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, "मे महिन्यात रे?" मी म्हटलं, "थोडंसंच आलंय." ते म्हणाले, "बरं, आता बस. पाणी पी." त्यांची सव्वातीनची पोलादपूर गाडी माझ्यापायी रोज चुकायची. पुढची चारला. पोलादपूरला उतरून वर वाडीला जाणारी जीप पकडायची, म्हणजे घरी पोचायला दिवेलागण. मला ओशाळल्यासारखं व्हायचं, पण बोंबलापुढे ते टिकायचं नाही.

आणि एवढं होऊन लॉगबुकात ते 'चार्ज दिला, ३.००' असंच लिहायचे. खाली मी सही करायची, 'चार्ज घेतला, ३.००'. साडेतीन लिहिलं असतं तर माझी खाडे-पगाराची भानगड झाली असती. खोटं बोलायचा त्यांना मनस्वी कंटाळा, पण हे एक खोटं त्यांनी वर्षानुवर्षं माझ्यासाठी नीट अक्षरात लिहिलं.

त्या अर्ध्या तासात काका वाचायचे. आधी डब्याला गुंडाळलेला पेपर, मग कुणी आणलेलं काहीही. एक दिवस कंपनीने सगळ्यांकडून कसलासा फॉर्म भरून घेतला, आणि काका पेन हातात धरून बसून राहिले. "शिक्षणाच्या रकान्यात पंचवीस वर्सं धावी लिवतोय," ते म्हणाले, "आता हात दुखला." तेव्हा त्यांना त्रेपन्नावं लागलं होतं.

आता इथे माझं मोठेपण सांगायला हवं. मी महाडच्या कॉलेजात दीड वर्ष काढलं होतं. म्हणजे कॅन्टीन मला चांगलं माहीत होतं. त्यामुळे ईटीपीतला सुशिक्षित माणूस मीच. बारावी नसली तरी पूर्वतयारीची परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येतं, हे काकांना मी सांगितलं. काका दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आले. मी त्यांना अभ्यास कसा करावा यावर वीस मिनिटं मार्गदर्शन केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसरा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "एवढं म्हायती हाय तर तू पन भर. संगतीनं करू." नाही म्हणायला तोंड नव्हतं. अशा रीतीने मी उच्चशिक्षणाकडे वळलो.

पुस्तकांचा संच दोघांनाही मिळाला. माझा तीन वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आला नाही. कारण काकांच्या पुस्तकात महत्त्वाच्या ओळींखाली रेघा असायच्या, आणि माझं म्हणणं असं, की एका माणसाने रेघा मारल्यावर दुसऱ्याने पुन्हा अख्खं पान वाचणं हा वेळेचा अपव्यय आहे. पुस्तक केबिनच्या कपाटात राहायचं. मी आलो की काका पळत असायचे, म्हणून मी काय वाचायचं ते लॉगबुकातच लिहून जायचे. एकदा मोठ्या साहेबांनी लॉगबुक चाळलं. ते बाहेरचे, मराठी वाचायचे पण अडखळत. त्यांनी मला बोलावलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'पंप नं. २ आवाज करतो. ब्लोअर ठीक. विवाह झाला, कुटुंब बाकी.' साहेबांनी विचारलं, "ये कुटुंब कब से बाकी है?" मी म्हटलं, "सर, आज कर लेंगे." "जल्दी क्लोज करो," म्हणून त्यांनी खाली सही केली. समाजशास्त्राच्या त्या प्रकरणावर साहेबांची सही आहे, हे विद्यापीठाला अजून माहीत नाही.

हे समाजशास्त्रच मला नडलं. समाजात जन्म काढलेला माणूस मी, त्यात वाचायचं काय, असं मी छातीठोकपणे म्हणायचो. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे तीन पंचवीसला पोचलो. निकाल मोबाइलवर बघायचा होता. काकांनी बैठक क्रमांकाचा कागद घडी करून खिशात ठेवला होता. मी आधी माझा बघितला. समाजशास्त्रात सहा मार्कांनी गेलो होतो. मग काकांचा बघितला. पहिला वर्ग. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत वाचलं. मग म्हणाले, "आनि तुजा?"

मी सांगितलं. मग उसनं हसून म्हटलं, "काका, पेढे कधी? आता एम.ए.चा फॉर्म भरा, महिनाभरच मुदत आहे." त्यांनी लॉगबुक पुढे ओढलं. "थांब जरा, गडबड काय हाय? रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय," एवढंच म्हणाले आणि 'चार्ज दिला, ३.००' लिहून निघून गेले. मला वाटलं, गंमत करतायत. पण महिना संपला तरी त्यांनी फॉर्म भरला नाही. पेढेही आले नाहीत.

हे प्रकरण किती गंभीर आहे ते मला काकींच्या फोनमुळे कळलं. काकींना मी एकदाच भेटलो होतो, कुणाच्या तरी लग्नात. "भाऊ," त्या म्हणाल्या, "यंदा तरी पास व्हा हो. ह्यांचं येमे तुमच्यापायी अडलंय." मी म्हटलं, "काकी, मी त्यांना सांगितलंय पुढे जा म्हणून." "ते काय ऐकतात? आनि दोन वर्सांनी रिटायर व्हनार. घरी काय वाचनार? हितं पुस्तक हातात घेतलं का म्हैस हंबरते, नायतर मी. त्यांचं काय वाचन ते तुमच्या कंपनीतल्या खुर्चीत." फोन ठेवून मी हिशोब केला. एम.ए.ला दोन वर्षं लागतात आणि काकांच्या खुर्चीची दोनच वर्षं उरली होती. त्यातलं एक ते माझ्यासाठी थांबून घालवत होते. आजवर मी त्यांचे अर्धे अर्धे तास खाल्ले होते, आता अख्खं वर्ष खात होतो. मला माझी खरोखर लाज वाटली. त्या दुपारी मी झोपलो नाही.

मी तीनला पाच कमी असताना केबिनमध्ये हजर झालो. काकांनी घड्याळाकडे बघितलं आणि ते थांबलंय का म्हणून कानाला लावलं. तरी ते घरी साडेतीनलाच जायचे. आता तो अर्धा तास माझ्या समाजशास्त्राचा होता. टाक्यांच्या कठड्यावरून मी रीडिंग घेत हिंडायचं आणि एकेक प्रकरण त्यांना सांगायचं. सामाजिक स्तरीकरण माझ्या डोक्यात शिरेना. काकांनी मला गाळ बसायच्या टाकीपाशी उभं केलं. "बघ. जड हाय ते खाली बसतं, हलकं ते वर तरंगतं. समाजाचं असंच. फरक एवढाच, का समाजात वरच्याला हलका कोन म्हनत नाय." परीक्षेत हा प्रश्न आला, आणि मी टाकीसकट उत्तर लिहिलं. तपासणाऱ्याला ते पटलं असावं, किंवा त्यालाही घरी जायची घाई असावी. मी पास झालो, तीन मार्क वर ठेवून.

त्या दिवशी काकांनी पेढे आणले. पोलादपूरच्या बाजारातून, एक किलोचा खोका. निकाल लागायच्या आधीच आणून ठेवलेला होता. मी म्हटलं, "काका, मी पुन्हा गेलो असतो तर?" ते म्हणाले, "तर म्या नि तुज्या काकीनं खाल्ले असते, तुला सांगितलं नसतं." गेटवर सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "काय साडेतीनवाले, पेढे कसले?" "बी.ए. पास झालो." "कोण?" "आम्ही दोगं." पहिला वर्ग, एक वर्ष आधी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. इतक्या सढळ हाताने पेढे खाल्ले मी, की जणू दोन पहिले वर्ग मिळाले होते. आठवडाभरात आम्ही एम.ए.चे फॉर्म भरले, इतिहासाचे. समाजाच्या वाटेला मी परत जाणार नव्हतो.

एम.ए.चं पहिलं वर्ष त्या खुर्चीत पार पडलं, आणि काकांची शेवटची शिफ्ट आली. सकाळी खात्याने हार-नारळ दिला, साहेबांनी रुमाल खिशात ठेवून भाषण केलं, असं मला नंतर कळलं. मी ठरवलं होतं, आज या माणसाला पहिल्यांदा वेळेआधी मोकळं करायचं. सव्वातीनची गाडी मिळाली पाहिजे. मी अडीचलाच पोचलो. काका खुर्चीत होते, हार खुंटीला, समोर दुसऱ्या वर्षाचं पुस्तक. मी म्हटलं, "काका, निघा आता. मी आलोय."

त्यांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत माझ्या उशिरावर कधी त्यांच्या कपाळाला आठी पडली नव्हती, ती तेव्हा पडली. "एवढ्या लवकर कशाला आलास रे?" ते म्हणाले. "माजं प्रकरण ऱ्हायलंय." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन पुस्तक मिटायला लागले. "जाव दे. आता काय, घरीच वाचू."

घरी म्हैस होती. मी खिसे चाचपले आणि म्हटलं, "अरेच्चा, गेटपास विसरलो. घरी जाऊन आणतो." गेटपास माझ्या गळ्यात लटकत होता. काकांनी तो बघितला. "सावकाश जा," ते म्हणाले. "नदीला पानी असंल."

मी गेटबाहेर आलो आणि समोरच्या टपरीवर बसलो. तीनला माणसं सुटली, वाघ मागे लागल्यासारखी गेली. सव्वातीनची गाडी फाट्यावरून गेली तिचा हॉर्न ऐकू आला. मी दोन चहा घेतले, तिसरा सांगितला आणि घेतला नाही. नोकरीत हजार वेळा उशीर केला, पण मुद्दाम, मन लावून, मिनिटं मोजून केलेला तेवढा एकच.

साडेतीनला आत गेलो तेव्हा पुस्तक पिशवीत गेलं होतं आणि लॉगबुक उघडं होतं. "झालं प्रकरण?" मी विचारलं. "झालं." "आता पुढची कुठे वाचणार?" "पोलादपूर स्टँडावर. खाली बाजाराला यायचं, एक गाडी सोडायची नि दुसरी पकडायची. तेवढ्यात होतंय." मग त्यांनी पेन उचललं आणि सवयीने लिहिलं, 'चार्ज दिला, ३.००'. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. खाली लिहिलं, 'चार्ज घेतला, ३.३०. रिलिव्हर उशिरा आला.' आणि सही केली.

काकांनी चष्मा लावून ते वाचलं. "आता खरं लिवायला लागलास," ते म्हणाले. "येमे होशील." ते निघाले, हार खुंटीवरच राहिला. मी तो घेऊन त्यांच्या मागे गेटपर्यंत धावणार होतो, पण जागा सोडता येत नव्हती. माझा रिलिव्हर अकराला येणार होता.