केलरमध्ये न गेलेली बाटली

हॅम्बर्गमधल्या मराठी घरांत एक रीत आहे. ती सगळे पाळतात आणि कुणी बोलून दाखवत नाही. भारतातून सासू-सासरे यायचे असले की आदल्या दिवशी बाटल्या केलरमध्ये जातात. केलर म्हणजे इमारतीच्या तळघरात प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला आलेली जाळीच्या दाराची खोली. तिथे सायकली असतात, हिवाळी टायर असतात आणि वर्षातले तीन महिने सुनांचं खरं आयुष्य असतं. बाटल्यांपाठोपाठ अंड्यांचा तवा जातो, सॉसेजची पाकिटं शेजारच्या जर्मन बाईंच्या फ्रीजरमध्ये जातात. पाहुण्यांना विमानतळावर सोडून आलं की सगळं पुन्हा वर येतं. मला या रिवाजाचा मनापासून राग आहे.

माझ्या सासूबाई त्या वर्षी पहिल्यांदाच एकट्या येणार होत्या. सासरे गेल्यानंतरचा त्यांचा पहिला प्रवास. त्या यायच्या आदल्या संध्याकाळी नवरा रिकामा खोका घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. स्वतःच्या बिअरचा क्रेट त्यानं आधीच खाली नेऊन ठेवला होता.

"तुझी व्हिस्की दे," तो म्हणाला. "आणि ते रविवारचं तेवढं बंद ठेवू या."

"का?"

"अगं, आई येतेय."

"येऊ देत की. त्यांचं सगळं करीन मी. पण हे बंद होणार नाही."

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे!"

प्रश्न तीन महिन्यांचा नव्हताच. आठवडाभर मी ऑफिसात बॉसच्या मनासारखं करते, घरी घराच्या मनासारखं करते. कुणाला न विचारता केलेली अशी माझी एकच गोष्ट आहे, रविवारची आयरिश न्याहारी. तीसुद्धा कुणी आलं की खोक्यात भरायची असेल, तर या घरात माझं म्हणून काय उरलं? मी बाटली उचलली आणि ओट्यावर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवली. नवरा खोका घेऊन बाहेर गेला.

ही न्याहारी मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात शिकले. तिथे एक वर्ष शिकत असताना एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहायचे. त्या एकट्या होत्या, पण रविवारी टेबल चौघांचं असल्यासारखं मांडत. सोडा ब्रेड त्यांनीच शिकवला: मैदा, थोडं गव्हाचं पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. पहिल्यांदा मी केला तेव्हा कणीक तिंबावी तसा तो मस्त तिंबला, वरून तेलाचा हात फिरवला आणि ओलं फडकं घालून अर्धा तास मुरत ठेवला. भट्टीतून निघाला तो पाटा. बाईंनी त्यावर सुरी आपटून पाहिली आणि पोट धरून हसल्या. या पिठाला जेमतेम गोळा होईल इतपतच हात लावायचा, वर सुरीनं फुलीची खोल चीर द्यायची आणि सोडा दमायच्या आत ओव्हनमध्ये ढकलायचं. माझ्या हातांना हे पटायला फार वेळ लागला. गोळा दिसला की अजूनही ते मळायला धावतात.

बाकी सगळं सोपं आहे. उकडलेले बटाटे कुस्करून, लोणी आणि मूठभर मैदा घालून थापलेल्या जाड टिकल्या तव्यावर खरपूस भाजायच्या. टोमॅटो अर्धे कापून पालथे घालायचे, मशरूम लोण्यात परतायचे, वर अंडी आणि सॉसेज. आणि कॉफी. जाड काचेचा ग्लास गरम पाण्यानं विसळून घ्यायचा, त्यात ब्राऊन साखर, कडक कॉफी आणि व्हिस्की घालून साखर पूर्ण विरघळवायची. क्रीम नुसतं दाटसर होईपर्यंत फेटायचं आणि चमचा पालथा धरून हळूच वर सोडायचं. ते तरंगलं पाहिजे. मग ढवळायचं नाही, त्या गार पांढऱ्या थरातून खालची गरम कॉफी प्यायची. पावसाळी संध्याकाळी घसा धरला तर मी गरम पाण्यात साखर, व्हिस्की आणि लवंगा टोचलेली लिंबाची चकती घालून घेते. ते काढा म्हणून सहज खपवता आलं असतं. मी खपवलं नाही.

सासूबाई आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी ग्लासाकडे बघून विचारलं, "कॉफीवर साय घेतेस होय?"

"क्रीम आहे, आई. आणि आत व्हिस्की आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा टोमॅटो कापण्यात गढून गेला होता. सासूबाईंनी आपला चहाचा कप उचलला, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. तरी मी ग्लास संपवला. पुढच्या रविवारीही त्या खोलीत बसल्या, मी टेबलाशी. त्यानंतरच्या रविवारी ब्रेडचा वास आल्यावर दार किलकिलं झालं.

"अंडं आहे का गं त्यात?"

"नाही, आई. ताक आहे. बटाट्याच्या टिकल्यांतही नाही, आणि तुमचा तवा वेगळा ठेवलाय."

त्या येऊन बसल्या. खाल्लं. टिकल्यांत मिरची हवी होती म्हणाल्या. माझ्या ग्लासाकडे त्यांनी बघितलं नाही आणि मी तो हलवला नाही.

आमची सकाळ म्हणजे पुण्यातली दुपारची जेवणं झालेली वेळ. एका रविवारी आम्ही खात असतानाच सासूबाईंच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी फोन फिरवून टेबल दाखवलं, ब्रेड दाखवला. नवऱ्यानं पटकन हात लांब करून माझा ग्लास बरणीमागे सरकवला. मी तो परत ओढून घेतला आणि एक घोट घेतला.

"सूनबाई काय पितेय गं?" पलीकडून मावशींचा आवाज आला.

"कॉफी," सासूबाई म्हणाल्या. "साधी कॉफी."

"आयरिश कॉफी आहे, मावशी," मी म्हणाले. "व्हिस्की घातलेली."

मग सासूबाई "नेटवर्क जातंय" असं काहीतरी पुटपुटल्या आणि फोन बंद केला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मी तुला सांभाळून घेत होते ना!"

"माहीत आहे, आई. पण माझं काही चुकलेलंच नाही, तर सांभाळून काय घ्यायचं?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लपवलं की मग मलाच ते वाईट वाटायला लागेल. मला ते नकोय."

"आल्झो, आता बास," नवरा कुजबुजला. घाबरला की तो जर्मनमध्ये शिरतो. आमच्या दोघींपैकी कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. फोन पुन्हा वाजायला लागला, मावशींचाच. सासूबाईंनी तो बराच वेळ वाजू दिला. आता त्या खोलीत जाऊन दार लावणार, आणि या वेळी ते उघडणार नाही, असं मला वाटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि फोन उचलला.

"हो, व्हिस्कीच आहे. दर रविवारी एक ग्लास घेते," त्या म्हणाल्या. "मला? नाही आवडत. अजिबात नाही आवडत. पण माझ्यासमोर बसून घेते." पलीकडून मावशी बरंच बोलल्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "हे बघ, तुझ्या सुनेचं तुला ठाऊक नसेल. माझ्या सुनेचं मला ठाऊक आहे."

फोन ठेवून त्यांनी बटाट्याची टिकली ताटात वाढून घेतली. मग मुलाकडे वळल्या.

"आणि तू? तू काय पितोस?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही त्याच्या मदतीला गेले नाही.

"चहा," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याला नीट न्याहाळलं.

"मग ऊठ आणि टाक. आम्ही दोघी खातोय."