माळावर हरवलेले दाजी

सांगते, पण एका अटीवर. आमच्या घरी आलात तर आईसमोर हा विषय काढायचा नाही. ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते.

तर मला एकटीने तंबू ठोकून एक रात्र डोंगरात काढायची होती. वय चाळिशीकडे झुकलेलं, लग्न नाही, मैत्रिणींना सुट्टी नाही. किती वाट बघायची? आईने शेवटी परवानगी दिली. "जा. पण काही झालंय म्हणून एक जरी फोन आला, तर तंबू पोटमाळ्यावर जाईल. परत खाली येणार नाही." आणि 'आई' असं लिहून स्वतःचा मोबाइल नंबर तिने माझ्या सॅकवर मार्करने लिहिला. अक्षरं एवढी मोठी, की नाशिकहून निघालेली सॅक सुरगाण्यातून वाचता यावी.

आता खरं सांगू? भीती मलाही वाटत होती. जनावरांची नाही हो, माणसांची. ऑफिसातल्या मैत्रिणीने युक्ती दिली: तंबूबाहेर पुरुषाचे बूट ठेवायचे. बघणाऱ्याला वाटावं, आत बाप्या आहे. मी भावाचे दहा नंबरचे बूट नेले आणि त्याचा एक शर्टही दोरीवर वाळत घातला. कोरडाच. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

सुरगाण्याच्या बाजूला, एका पाड्याच्या वरच्या माळावर तंबू उभा राहिला. ऊन उतरताना शेळ्या घेऊन एक बाई आल्या. नाव हिराबाई.

"एकट्याच का, ताई?"

याच प्रश्नासाठी तर ते जड बूट वाहून आणले होते. "नाही, हे आहेत ना. आत झोपलेत."

'हे' म्हणताना मी चक्क लाजले. का, ते विचारू नका.

हिराबाईंनी बूट बघितले, मग मला बघितलं. माझ्या एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात मेख ठोकायचा दगड. "तुम्ही पाणी आणताय, मेखा ठोकताय, न् दाजी झोपलेत?"

मी ताई, म्हणून तो दाजी. झाला की नाही संसार? आता नसलेल्या नवऱ्याची अब्रू राखायचं माझं काय अडलं होतं? पण राखली.

"त्यांना जरा कणकण आहे."

हिराबाई शेळ्या घेऊन लगबगीने उतरल्या. मी चहा ठेवला. सुटले, वाटलं. अंधारून यायच्या आत त्या जावेला घेऊन परत हजर. एकीच्या हातात नागलीची भाकरी, दुसरीच्या हातात काढा.

"दाजी, ओ दाजी. उठा, दोन घोट घ्या."

दाजी कुठले उठतात.

"बोलतबी नाय," जाऊ म्हणाली. "ताप डोक्यात गेला."

"गाढ झोप लागते त्यांना," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात खालून जीप आली. हिराबाईंनी आधीच सांगून ठेवली होती. जीपमधून चार अनोळखी पुरुष उतरले, बॅटऱ्या घेऊन. ज्याच्या भीतीने बूट आणले, ते सगळं बुटांनीच बोलावून आणलं.

"पेशंट कुठंय?" जीपवाला म्हणाला.

मी तंबूच्या दारात आडवी उभी राहिले. "नको. ते फार लाजाळू आहेत."

हिराबाईंनी मला बाजूला केलं आणि चेन ओढली. आत एक स्लीपिंग बॅग आणि चिवड्याचा पुडा. चारही बॅटऱ्या आत फिरल्या. मग जाऊ हळूच म्हणाली, "बूट तर हितंच हायेत. अनवाणीच गेले की हो."

"तापाच्या भरात. दरीकडं गेले असतील तर?"

चौघं धावले. करवंदीच्या जाळ्यांत घुसले, ओरबाडून घेतलं, आणि डोंगरभर हाका सुरू झाल्या, "दाजी, ओ दाजी." ज्यांना मी घाबरले होते ती माणसं माझ्या नसलेल्या नवऱ्यासाठी जीव टाकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऐका, दाजी नाहीत," मी ओरडले.

"असं अभद्र नका बोलू ताई," हिराबाईंनी मला पोटाशी धरलं. "सापडतील."

तोवर तंबूपाशी परतलेल्या जीपवाल्याला सॅकवरचा नंबर दिसला. मी सोडवून घेईपर्यंत फोन लागला होता, तोही स्पीकरवर.

"आई, घाबरू नका. ताई बऱ्या हायेत. पण तुमचे जावई सापडत नाहीत."

पलीकडून आईचा थंड आवाज.

"मी बारा वर्षं शोधतेय. मलाही नाही सापडले."

हिराबाईंनी बुटांकडे बघितलं, दोरीवरच्या शर्टाकडे बघितलं, आणि मटकन खाली बसून हसायला लागल्या. जीपवाल्याने सगळ्यांना हाका मारून परत बोलावलं. मी मान खाली घालून फोन घेतला.

"आई, तंबू टाकते पोटमाळ्यावर."

"किती जण शोधत होते गं?"

"चौघं. बॅटऱ्या घेऊन."

"मग राहू दे खालीच," आई म्हणाली. "दर महिन्याला जात जा. तुझ्यासाठी मुलगा शोधायला एवढं मनावर कुणीच घेतलं नव्हतं."