गोल खुणेची बाटली

बीदरच्या मैलूर भागात, सोमशेखर यांच्या घराच्या मागच्या पडवीत, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी बाटल्यांना अंघोळ घातली जाते. जुन्या बाटल्या जमवणाऱ्यांचे हे मंडळ जेमतेम नऊ जणांचे. सोमशेखर यांच्या आजोबांचा गोळी सोड्याचा कारखाना होता. गळ्यात काचेची गोळी अडकलेल्या त्या हिरवट बाटल्यांपासून त्यांना हा नाद लागला आणि मंडळाचे अध्यक्षपद आपोआपच त्यांच्याकडे आले. नेत्रावती अक्का कन्नड शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे शाईच्या दौती आहेत. कुणाकडे अत्तराच्या कुप्या, कुणाकडे नुसतीच काचेची बुचे. मंडळाचा नियम एकच, पण कडक. नवी आलेली बाटली सर्वांसमोर धुवायची, आणि काच आरपार दिसू लागल्याशिवाय तिला फळीवर जागा नाही.

धुण्याचे काम माणिकरावांचे. शहात्तर वर्षांचे माणिकराव तीन वर्षांपूर्वी मंडळात आले आणि पहिल्याच बैठकीत हे काम त्यांच्याकडे गेले. कोमट पाणी, धुण्याचा सोडा आणि आत टाकायला मूठभर तांदळाची कणी. मनगटाला असा झोका द्यायचा, की कणी बाटलीच्या कानाकोपऱ्यात फिरून यावी.

"माणिकराव, तुमच्या हातात बाटली दिली की नवरीसारखी नटून येती बघा," सोमशेखर म्हणत.

"छत्तीस वर्षं हेच केलंय की," एवढेच माणिकराव म्हणत.

औरादच्या सरकारी दवाखान्यात ते छत्तीस वर्षे कंपाउंडर होते. त्या काळी औषध दवाखान्यातून मिळे, बाटली मात्र ज्याची त्याने आणायची. सकाळी आठपासून खिडकीसमोर रांग लागे आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक बाटली असे. तेलाची, सरबताची, कधी दारूचीही. माणिकराव ती खळबळून धुवायचे, तिच्यात लाल किंवा पांढरे मिक्श्चर भरायचे आणि काचेवर खळीने कागदाची एक उभी पट्टी चिकटवायचे. पट्टीला कात्रीने कातरलेल्या सहा खुणा असत. एका वेळेला एक खूण औषध. वाचता न येणाऱ्यालाही ती पट्टी वाचता येई.

यात एक गोष्ट माणिकरावांची स्वतःची होती. इतर कंपाउंडर सहाही खुणा टोकदार कातरत. माणिकराव वरच्या पाच टोकदार कातरायचे आणि सहावी, तळाजवळची, गोल. बाटली देताना ते खिडकीतून वाकून सांगत, "औषध गोल खुणंपाशी आलं, की बाटली घेऊन परत यायचं. तोवर सोडायचं न्हाई." खळ ते घरून करून आणत. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकत, म्हणजे झुरळे कागद कुरतडत नसत.

माणिकराव बौद्ध घरातले. लहानपणी गावात त्यांना ओंजळीत वरून ओतलेले पाणी मिळत आले होते. पुढे त्याच गावची माणसे रांगेत उभी राहून त्यांच्या हातचे मिक्श्चर घेऊन जाऊ लागली, आणि मिक्श्चर म्हणजे तीन हिस्से पाणीच. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवले नाही. फक्त गोल खूण कातरताना त्यांचा हात थोडा सावकाश चालत असे.

मग तयार सिरप आले, गोळ्यांची पाकिटे आली, कात्री खणात पडून राहिली. निवृत्तीनंतर मुलाजवळ बीदरला राहायला आल्यावर एके दिवशी त्यांच्या लक्षात आले, की आपण कातरलेल्या हजारो पट्ट्यांपैकी एकही जगात उरलेली नाही. उरणार तरी कशी? बाटली परत आली की जुनी पट्टी धुऊन टाकायची, हे त्यांचेच काम होते. मंडळात ते आले ते या एका आशेने, की कुठल्या तरी बाटलीवर एखादी राहून गेली असेल. हे ठाऊक होते फक्त शोभाबाईंना, त्यांच्या पत्नीला.

"जल्मभर बाटल्या भरल्या, आता रिकाम्या हुंगत फिरायलाव," त्या म्हणायच्या. पण रविवारी स्वच्छ टॉवेल त्याच काढून ठेवायच्या.

गेल्या माघात सोमशेखर यांनी औरादच्या आठवडी बाजारातून, गुरुबसव भंगारवाल्याकडून, एक पोतेभर बाटल्या आणल्या. माणिकराव एकेक करून घमेल्यात बुडवत होते. चुन्याच्या शिंतोड्यांनी आणि काजळीने माखलेली एक चपटी, निळसर बाटली अर्धी पाण्यात गेली आणि त्यांच्या अंगठ्याला काचेवर काहीतरी मऊ लागले. त्यांनी बाटली झटकन वर काढली. काजळीखाली कागद होता. वरच्या पाच खुणा कोरड्या, घट्ट. खालची सहावी भिजून सुटू लागली होती.

ती गोल होती.

"काय झालं, माणिकराव? काच लागली का?" सोमशेखर यांनी विचारले.

"न्हाई," ते म्हणाले. अंगठ्याने ती खूण दाबून धरत ते पायरीवर बसले. "ही धुवायची न्हाई."

सगळी हकीकत त्या दिवशी पहिल्यांदा मंडळाला कळली. सोमशेखर यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "नियम नियम असतो. पण ही माझी न्हवं, तुमचीच म्हणायची. ठेवून घ्या."

"नियमाला अपवाद करू या," नेत्रावती अक्का म्हणाल्या. "महिनाअखेरच्या प्रदर्शनात हीच मधोमध ठेवायची, न धुता. खाली कार्ड लावू: माणिकराव, कंपाउंडर, औराद. मात्र बाटली कुणाच्या घरची, काय आजार होता, तेवढं तुम्ही शोधून आणा. त्याशिवाय कार्ड पुरं होत नाही."

आपले नाव आणि खाली आपल्या हातची खूण. माणिकरावांना त्या रात्री जेवण गोड लागले. पण बाटली पुसता पुसता त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. आतल्या बाजूला, वाळलेल्या औषधाची तपकिरी रेघ बरोबर चौथ्या खुणेवर थांबली होती. चार मात्रा घेतल्या होत्या. दोन तशाच राहिल्या होत्या.

"कामून राहिल्या असतील?" त्यांनी शोभाबाईंना विचारले.

"बरं वाटलं असंल."

"न्हाईतर?"

शोभाबाई भाजी निवडत होत्या. खाली मान घालूनच त्या म्हणाल्या, "न्हाईतर मधीच कुणीतरी सांगितलं असंल, त्यातलं पाणी कुणाच्या हातचं हाय ते." तिसरी शक्यता दोघांनीही उच्चारली नाही. औषध अर्धवट राहण्याचे ते कारण कंपाउंडरला सर्वांत आधी आठवते.

गुरुबसवला विचारल्यावर पत्ता लागला. डोणवाडी, औरादपासून दोन कोस, चन्नव्वाचे घर. माणिकरावांनी बाटली टॉवेलात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि सकाळच्या बसने निघाले.

नव्या रंगाचा वास अजून न गेलेल्या त्या घराच्या ओट्यावर सत्तरी ओलांडलेली एक बाई तुरीची डाळ पाखडत बसली होती. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग. माणिकरावांनी टॉवेल उलगडला आणि तिच्या हातातले सूप थांबले.

"माझी बाटली!" मग आत तोंड करून ती ओरडली, "नागरत्ना! ये भायेर, बघ! म्हन्लं न्हवतं का, उंदरानं न्हाई नेली!"

सून पदराला हात पुसत बाहेर आली. "रंगासाठी कोनाडा बुजवला तवा भंगारवाल्याला दिली, अत्ते. एक फुटका तवा, चपला आन् ही बाटली. अर्धा किलो लसूण आला."

"लसूण! चाळीस वर्षांच्या औषधाचा लसूण खाऊ घातलास व्हय मला?" मग बाटली मांडीवर घेऊन ती म्हातारी बारकाईने पाहू लागली. "आन् हे खालचं कामून सुटलंय?"

"माझ्या हातनं," माणिकराव म्हणाले. "पाण्यात घातली व्हती."

"औषधाची बाटली पाण्यात घालतंय का कुणी? शिकलेले दिसताव, अप्पा, तुमी."

छत्तीस वर्षे लोकांना रागावलेल्या माणसाने ते मान खाली घालून ऐकून घेतले. मग ज्यासाठी आले होते ते विचारले. "ह्यात दोन डोस राहिलेत. कामून?"

चन्नव्वाने सूप बाजूला सारले. "माझा बसवप्रभु तीन वर्साचा व्हता. तापानं डोळं पांढरं केलं. मी एकलीच त्याला पाठीशी बांधून औरादला गेले. चार खुणा दिल्या आन् ताप उतरला."

"मग बरा झाला?"

"ट्रॅक्टर घिऊन रानात गेलाय. पोटाचा घेर बघा जरा, आला की." ती हसली. "दोन खुणा मी राखल्या. नाल्याला पाणी आलं की औरादची वाट बंद व्हायची. परत ताप आला तर? पुढच्या वर्षी आला बी. मी बाटली हातात घेतली, आन् म्हन्लं, ह्यो ताप काय येवढा न्हाई. आज दिलं आन् उद्या ह्याच्याहून मोठा आला, तर काय देऊ? दरवेळी असंच. पोरी झाल्या, नातू झाले. मोठा ताप येतो म्हनून जपून ठेवलं. कधी वाळून गेलं, ध्यानात बी न्हाई आलं."

सकाळपासून बरोबर आणलेला प्रश्न माणिकरावांनी अखेर विचारलाच. "सासूबाई काही बोलल्या न्हाईत? औषधाबद्दल?"

चन्नव्वाने त्यांच्याकडे नीट पाहिले. "बोलल्या की. म्हनल्या, तो कंपाउंडर कोन हाय म्हाईत हाय का तुला. मी म्हन्लं, म्हाईत हाय. गोल खुणंवाला हाय." तिने बाटली पुढे केली. "आमच्याकडं तुमाला सारे हेच म्हनत. तुमीच न्हवं का ते? ही खूण येवढी जपून टॉवेलात दुसरं कोन आनंल?"

माणिकरावांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, "वाटीभर मैदा असला तर बघा. ही चिकटवून देतो."

नागरत्नाने चुलीवर खळ करून दिली. माणिकरावांनी बोटाच्या टोकाने ती लावली, गोल खूण जागच्या जागी बसवली आणि अंगठ्याने खालून वर दाबत नेली, जशी नेहमी नेत. मग बाटली वाळेपर्यंत त्यांनी मंडळाची आणि प्रदर्शनाची हकीकत सांगितली. कार्डावर काय लिहायचे तेही. आणि शेवटी, मोठ्या कष्टाने, "अक्का, ही बाटली मला द्याल का? माझ्याकडं दुसरी न्हाई. एक बी न्हाई."

चन्नव्वाने बाटली सूर्याकडे धरली. तपकिरी रेघेखाली दोन खुणा स्वच्छ दिसत होत्या.

"दिली असती, अप्पा. पर तुमीच खिडकीतनं वाकून सांगितलं व्हतं. गोल खुणंपाशी आलं, की बाटली घिऊन ये; तोवर सोडायचं न्हाई." तिने खुणांवरून बोट फिरवले आणि बाटली त्यांच्या हातात दिली. "अजून आलंय का तितवर?"

त्यांनी बाटली दोन्ही हातांनी तिला परत दिली. कोनाडा बुजवला होता, म्हणून नागरत्नाने ती देवघराच्या फळीवर ठेवली. चन्नव्वाने त्यांना पाण्याचा तांब्या दिला, हातात. ते तिथेच उभ्याने गटागट प्याले. बसची वेळ झाली होती.

घरी शोभाबाईंनी पिशवी चाचपली. टॉवेल होता, आत काही नव्हते.

"बाटली कुठाय?"

"पेशंटकडं."

"आन् पाण्याचं विचारलाव का?"

"विचारलं." ते बूट काढायला बसले. "म्हाईत असून दिलं तिनं."

टॉवेल झटकून शोभाबाईंनी तो रविवारसाठी घडी करून ठेवला.

प्रदर्शनात मधोमध सोमशेखर यांची गोळी सोड्याचीच बाटली बसली. नेत्रावती अक्का थोड्या रुसल्या. माणिकरावांनी समजावले, की त्या बाटलीतले औषध अजून चालू आहे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पडवीत पुन्हा घमेले भरले गेले. सोमशेखर यांनी पहिली बाटली हातात दिली. माणिकराव आता कुठलीच बाटली लगेच पाण्यात घालत नाहीत. आधी डोळे मिटून अंगठा काचेवरून वरून खाली नेतात, तळापर्यंत, आणि मगच बुडवतात.