साडूच्या हेडफोनची डावी बाजू

जगातली प्रत्येक वस्तू खोटी असते आणि तिचं खोटेपण सांगायलाच आपण जन्माला आलो, असं मानणारा एकच माणूस मी पाहिलाय, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून अण्णा म्हणावं लागतं. मी चौथी नापास असलो तरी कुणाचं उगीच ऐकून घेत नाही. अण्णापुढं मात्र चाळीस वर्षं दातओठ खातोय.

आमच्या संतपुरात मठात दर सोमवारी भजन असतं. अण्णा तबल्याला, त्याच्या डाव्या अंगाला टाळ घेऊन मी. हातोडीनं ठोकठोक करून त्यानं तबला लावायचा, मान हलवायची, मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं. त्याला लेकीनं हेडफोन दिला आणि कहर झाला. सोमवारचं भजन मोबाईलमध्ये भरायचं, मंगळवारी हेडफोन चढवून ऐकायचं आणि एकेकाला फोन लावून चुका सांगायच्या.

"तुझा टाळ कामून पळायलाय? मागं कुत्रं लागलंय का?"

"टाळ जाग्यावर हाय, अण्णा. तुमचा तबलाच मागं ऱ्हायलाय."

फोन बंद. तासाभरानं पुन्हा चालू.

पुढं त्या हेडफोनची दांडी मोडली. अण्णानं तिला तबल्याची चामडी वादी गुंडाळली, पण "डावी बाजू मुकी हाय" हे पालुपद काही सुटेना. गेले दोन-तीन सोमवार तबलाही उतरलेला वाजत होता. आता दुसरा कुणी तरी बसवा, अशी मठात कुजबुज सुरू झाली होती. अण्णाच्या मते सगळा दोष हेडफोनचा. मंगळवारी नीट ऐकू आलं तर सोमवारी नीट लागंल. म्हणून नवा घ्यायला बिदरला, नौबादेतल्या दुकानात निघालो. मला कामून नेता, विचारलं तर म्हणाला, "टाळकऱ्याचा का होईना, कान हाय."

दुकानात त्यानं पहिल्या हेडफोनचा वास घेतला. गादी अंगठ्यानं दाबली, पट्टा पिळला आणि शेवटी वाटीवर तबल्यासारखी बोटानं थाप मारली.

"चचा, बजाने का नक्को," दुकानदार कळवळला, "सुनने का है!"

"जे वाजत न्हाई ते ऐकवणार काय?" अण्णा म्हणाला. मग मोबाईल जोडून मागच्या सोमवारचं भजन लावलं, डोळे मिटले. "आवाज गोड हाय, पर बांधणी पापडाची." दुसरा घेतला. "बांधणी दगडी, आवाज रांजणातला." तिसरा, चौथा. प्रत्येकाची डावी बाजू मुकी! दुकानदारानं कपाळाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज याला खोटा पाडायचाच म्हणून त्याचे डोळे मिटलेले असतानाच मी पाचवा हेडफोन त्याच्या डोक्यावरून उचलला आणि उलटा करून चढवला. आता डावी बाजू उजव्या कानाला, उजवी डाव्याला.

"आता सांगा, अण्णा. मुकी कोणती?"

"डावीच की. किती येळा सांगू?"

चाळीस वर्षांत असा सापडला नव्हता. हेडफोन न्हाई अण्णा, कान गेलाय, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्याच्या हाताकडं लक्ष गेलं. काउंटरवर बोटं भजनाचा ठेका धरून होती, आणि ठेका तसूभरही चुकत नव्हता.

"बांधणी चांगली हाय," मी म्हणालो. "हाच घ्या."

अण्णानं डोळे उघडले, उलटा हेडफोन काढून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. घासाघीस न करता पैसे मोजले. संतपूरपर्यंतच्या बसमध्येही एकाही वस्तूला वाईट म्हणाला नाही. मला तर भीतीच वाटली.

त्या सोमवारी मी पहिल्यांदाच त्याच्या उजव्या अंगाला बसलो.

"हिकडं कामून?"

"तिकडं पंखा लागतोय."

मठात पंखा एकच, तोही बंद. अण्णा हातोडीनं ठोकत राहिला. थांबला, पण मान हलवली नाही. सगळे वाट पाहत होते. मग माझ्याकडं झुकून हळूच म्हणाला, "लागला का रं?"

मी नीट ऐकलं. "आणखी एक ठोका. हळू."

त्यानं हळूच एक ठोका दिला.