दादाची चूण

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या दादाला, सोफे मढवण्यापलीकडे जगात काही येत नाही. साधा चहा ठेवला तर तो उतू जातो. पण तोंडात खिळे धरून कापड ताणायला बसला की बघत राहावं! धाकटा भाऊ हिशेब बघायचा आणि शर्टाची इस्त्री सांभाळायचा, म्हणून घरात त्याला साहेब म्हणायचे. दोघांची छोटीशी कंपनी होती, निम्मी निम्मी.

कापड बेतायचे कागदी साचे दादाने स्वतः कापलेले. सोफ्याच्या हाताचा साचा बोटभर तोकडा झाला होता, पण नवा कापेल तर शपथ! "त्यात काय, मी भरून काढतो," म्हणायचा आणि दर हाताला कोपऱ्यात तुकडा जोडून वर चूण घालायचा. ती जोड कधी कुणाला दिसली नाही.

एक दिवस साहेब म्हणाला, "दादा, कामं आटली. कंपनी नीट गुंडाळू या." आम्ही कराच्या सल्लागार बाईंकडे गेलो. दादाला आकड्यांची धास्ती, म्हणून मीही सोबत. बाईंनी सरळ सांगितलं, आधी सगळी देणी फेडा, कारागिरांचे पैसे चुकते करा. मग उरेल ते पगार म्हणून काढू नका. कंपनी रीतसर बंद करून मालकांचा वाटा म्हणून घ्या, कर बराच कमी बसेल.

"मात्र दोन वर्षं दोघांनीही हाच धंदा करायचा नाही, दुसऱ्याच्या नावानेही नाही. नाहीतर कंपनी नुसती कर वाचवायला बंद केली असं ठरेल."

"बहिणीचा सोफा फाटलाय, तो?" दादाने विचारलं.

बाई हसल्या. "घरचाच ना? खुशाल करा."

पण दादाच तो! हातोडी पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं. माझ्या सोफ्याची स्प्रिंग टोचायची, तरी हा नुसता सरकून बसायचा. "उगाच कुणी बोट दाखवायला नको," म्हणे. वहिनी गेल्यापासून त्याला कामाचाच काय तो आधार होता. आता सकाळी तयार होऊन खिडकीशी बसायचा. मला बघवायचं नाही. मी चिडवायचे, "अरे, तुरुंगात तरी काम देतात!" हसायचा बिचारा.

मग त्याची दाढ दुखायला लागली म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर नवे कोरे सोफे. दादा बसला, सवयीने सोफ्याच्या हातावरून बोटं फिरवली आणि थबकला. कोपऱ्यात कापड बोटभर तोकडं, आतला फोम डोकावत होता.

"माझा साचा," एवढंच म्हणाला. आणि साचे रद्दीत घातले असं साहेबाने आम्हाला सांगितलं होतं!

दाढ राहिली बाजूला. तिथल्या मुलीकडून पत्ता घेतला आणि तडक निघालो. कारखान्याच्या पाटीवर धाकट्या वहिनीचं नाव, आत साहेब, आणि आमचाच जुना कारागीर.

"हिचा धंदा आहे, मी फक्त लक्ष ठेवतो," साहेब म्हणाला. "आणि तुला काय कमी पडलं, दादा? वाटा मिळाला, करही वाचला."

"मला का नाही घेतलंस?"

"तुझा एक सोफा होईपर्यंत इथे तीन होतात."

माझं डोकंच फिरलं. "मेल्या, त्याच्याच साच्यावर पोट भरतोस आणि त्यालाच घरी बसवतोस? जनाची नाही, मनाची तरी!"

दादाने मला हाताने थांबवलं. तेवढ्यात कारागीर एक अर्धवट सोफा ओढत घेऊन आला. त्या बापड्याला काय ठाऊक! "दादा, हा हात काही केल्या बसत नाही. तुम्ही काय करायचात?" त्याने सुई पुढे केली.

दादाने सुई घेतली, दोरा ओवला. अंगठा आपोआप कोपऱ्यावर गेला. साहेब टक लावून बघत होता, त्यालाही ते हवंच होतं. मग दादाने सुई कापडात खोचून ठेवली.

"माझी दोन वर्षं संपायची आहेत अजून," तो साहेबाला म्हणाला. "दोघांची मिळून होती ना रे?"

साहेब मान खाली घालून शर्टाची बाही सारखी करत राहिला.